उचाट्याची नोंद

भालचंद्र चुरी यांनी त्या शुक्रवारी सकाळी चहाचा कप बशीत ठेवला आणि बायकोला ठामपणे सांगितलं, "रविवारी मुंबईची माणसं येतील, पक्षी पाहतील आणि मान्य करतील."

मेथी निवडणाऱ्या मथुराबाईंचा हात थांबला. छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने 'बहुधा', 'कदाचित' किंवा 'मला वाटतं, पण तुम्हीच बघा' यांचा टेकू दिल्याशिवाय एकही वाक्य उभं केलं नव्हतं. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरसुद्धा भालचंद्र 'तशी हरकत दिसत नाही' एवढंच बोलले होते. बाईंनी ते मनात ठेवलं होतं.

"ताप नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. बहुधा नाही."

मग बाईंना जरा बरं वाटलं.

गोष्ट अशी होती. भालचंद्र शाळेच्या ग्रंथालयात कारकून होते. निवृत्त झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न त्यांना निवृत्तीच्या आधी दहा वर्षं छळत होता. शेवटी ग्रंथालयातच धूळ खात पडलेल्या एका पक्ष्यांच्या इंग्रजी पुस्तकाने तो सोडवला. तेव्हापासून तीन हिवाळे ते पहाटे वसईतल्या होळी नावाच्या आपल्या वस्तीतून सायकल काढत, खाडीकडे जात आणि मिठागराच्या बाजूच्या मोठ्या तळ्याच्या बांधावर वही घेऊन बसत. गळ्यात एक जुनी दुर्बीण असे. तिच्या उजव्या काचेत बुरशी चढली होती, त्यामुळे त्या डोळ्याला सगळे पक्षी धुक्यात उभे असल्यासारखे दिसत. भालचंद्रांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना तसंही सगळं धुक्यातच दिसे.

पण त्या वर्षीच्या, म्हणजे त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत त्यांना तळ्यात एक पक्षी दिसला. पांढराशुभ्र, पंखांवर काळे पट्टे, लांब निळसर पाय आणि चोच वर वळलेली. घडवणाऱ्याने घाईत उलटी बसवली असावी अशी. भालचंद्रांनी आधी चष्मा पुसला. मग दुर्बीण पुसली. मग घरी जाऊन पुस्तक पाहिलं. पुस्तकात तोच पक्षी होता, तशाच उलट्या चोचीचा. उचाट्या. दुसऱ्या दिवशी ते पुस्तकच घेऊन गेले आणि पक्षी आणि चित्र आळीपाळीने पाहत बसले. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी मुंबईच्या एका पक्षीमित्र मंडळाला पोस्टकार्ड टाकलं. त्याचे चार कच्चे खर्डे झाले होते. शेवटच्या खर्ड्यातही दोन 'कदाचित' आणि एक 'चूक असल्यास क्षमा असावी' शिल्लक राहिलं.

मंडळाचे चिटणीस दिवाकर कोठारे यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'वसईच्या बाजूला उचाट्याची नोंद आमच्याकडे नाही. आपण शेकाट्या पाहिला असावा, नवशिक्यांचा असा घोटाळा होतो. तरी रविवारी आम्ही सहा जण खात्री करण्यासाठी येत आहोत.'

'नवशिक्या' हा शब्द भालचंद्रांना लागला. तसं पाहिलं तर ते नवशिकेच होते. पण आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, आपण बघितलं ते खरं होतं असं कुणीतरी छापून म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मंडळाचं त्रैमासिक होतं. त्याच्या मागच्या पानावर बारीक टाइपात नोंदी येत. पक्ष्याचं नाव, गाव, तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव. ते मागचं पान भालचंद्रांनी वर्षभर देवाच्या पोथीसारखं वाचलं होतं.

तेव्हा शुक्रवारी चहा संपवून ते सायकलवर बसले आणि रामनाथकडे गेले.

रामनाथ भोईर तळ्याच्या उघाडीवर राखणीला होता. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचा आणि अडवायचा लाकडी दरवाजा. तो, त्याची बायको बायजा आणि त्यांच्या कोंबड्या बांधावरच्या झोपडीत राहत. तीन हिवाळे तो भालचंद्रांना कोरा चहा पाजत होता आणि हा माणूस रोज इथे काय बघतो, असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याबदल्यात भालचंद्रांनी त्याला पाटीवर गिरवून सही शिकवली होती. तेव्हापासून तो त्यांना मास्तर म्हणे. आपण मास्तर नाही, ग्रंथालयात होतो, असं त्यांनी त्याला दोन-तीनदा सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

"रामनाथ, रविवारी मुंबईहून पाहुणे येताहेत. मोठी माणसं आहेत. पाखरांसाठी येताहेत."

रामनाथ बसल्या जागी सरळ झाला. "किती मानसं?"

"सहा."

"सहा," रामनाथने बोटं मोजली. त्याला एवढा रस वाटतोय हे पाहून भालचंद्रांना बरं वाटलं.

"बदकं बऱ्यापैकी असली म्हणजे झालं. पण तो वाकड्या चोचीचा मात्र पाहिजेच. तो नसला तर माझी अब्रू जाईल."

"तुमची अब्रू जाल, असा कसा होल?" रामनाथ म्हणाला. "तुमी निस्ते पावने आना. ते जेवून जातील ना?"

"जेवतील की. पण तुम्हाला कशाला त्रास?"

"तरास काय? पावने तुमचे ते आमचे. बायजे, ऐकलास ना?"

बायजाने आतून ऐकल्याचं सांगितलं. भालचंद्र घरी परतले तेव्हा त्यांच्या सायकलला जणू मागून कुणी ढकलत होतं. शनिवारी ते मुद्दाम गेले नाहीत. जास्त पाहिलं की शंका येते, असा त्यांचा अनुभव होता.

रविवारी सकाळी सात वाजता स्टेशनावर सहा जण उतरले. सहाही जणांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या आणि त्या इतक्या चकचकीत होत्या की भालचंद्रांनी आपली सदऱ्याच्या आत सरकवली. कोठारे उंच, सडपातळ, पन्नाशीचे. बोलताना ते समोरच्याच्या कपाळाकडे बघत, तिथे काही खूण आहे का ते तपासत असल्यासारखे. त्यांच्या शेजारी आग्नेल रॉड्रिग्ज नावाचे वनखात्याचे अधिकारी होते. सुट्टीचा दिवस होता, तरी पँट खाकीच होती.

"हे आमचे सभासद," कोठारे म्हणाले. "पक्ष्यांची आवड आहे."

"आवडही आहे आणि नोकरीही आहे," रॉड्रिग्ज हसून म्हणाले.

दोन टांगे केले. टांग्यात मथुराबाईंनी दिलेला पोह्यांचा डबा आणि सुकेळ्यांची पुडी भालचंद्रांच्या मांडीवर होती. वाटेत कोठाऱ्यांनी परीक्षा घ्यावी तसे प्रश्न विचारले.

"पायांचा रंग?"

"निळसर. म्हणजे मला तरी निळसर वाटला."

"शेकाट्याचे पाय गुलाबी असतात."

"हो. गुलाबी नव्हते. बहुधा."

"आणि चोच वर वळलेली होती?"

"तेवढं मात्र नक्की," भालचंद्र म्हणाले आणि स्वतःच दचकले. त्यांनी आजवर कधी 'नक्की' म्हटलं नव्हतं. तो शब्द तोंडात नव्या कवळीसारखा लागला.

टांगे बांधापाशी थांबले. सगळे पायउतार झाले, वाकून वाकून बांध चढले आणि दुर्बिणी डोळ्यांना लावल्या.

तळं रिकामं होतं.

रिकामं म्हणजे अगदी रिकामं. ना बदक, ना चिखल्या, ना तुतवार. पाण्याच्या मधोमध एक बगळा तेवढा उभा होता, आणि तोही कुणीतरी आपल्याला इथे विसरून गेलं असावं अशा चेहऱ्याने.

"परवापर्यंत होते," भालचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

"परवा सगळीकडेच असतात," कोठारे म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

अर्धा तास गेला. सभासदांपैकी दोघांनी बगळ्याची नोंद केली. एकाने सुकेळं काढून खाल्लं आणि केळी अशी वाळवतात कशी याची चौकशी केली. भालचंद्रांच्या मनात सगळं भराभर फिरू लागलं. पक्षी नव्हताच. आठ दिवस आपण शेकाट्याच पाहिला. चोच वाकडी नव्हती, काच वाकडी होती. एकसष्टाव्या वर्षी माणसाने बागेत पानवेलींना पाणी घालावं, पोस्टकार्डं लिहू नयेत.

तेवढ्यात बांधावरून रामनाथ येताना दिसला. धुतलेला सदरा घातलेला, केसांना तेल लावलेलं, चेहऱ्यावर घरी लगीन असल्यासारखा आनंद.

"मास्तर, पावने तिकडं काय उन्हात उभे केलेत?" तो लांबूनच म्हणाला. "घरी आना त्यांना. सगली तयारी झालीय."

पाहुणे निघाले. निदान चहा तरी मिळेल, एवढाच त्यात विचार होता. झोपडीमागे बायजा पाट्यावर मसाला वाटत होती. नारळ, आलं, लसूण, मिरी यांचा वास सगळीकडे पसरला होता. अंगणात तीन मोठी डालगी पालथी घातलेली होती. कोंबड्या झाकायची वेताची डालगी. पण कोंबड्या बाहेर फिरत होत्या.

रामनाथने पहिलं डालगं उचललं.

आत सहा बदकं होती. पायांना केळीच्या सोपटाने बांधलेली. ती पाहुण्यांकडे बघू लागली, पाहुणे त्यांच्याकडे बघू लागले. दुसऱ्या डालग्यात आणखी सहा.

"मानशी दोन," रामनाथ म्हणाला. "कमी नाय पडाचा."

कुणीच काही बोललं नाही. रामनाथला ती शांतता कौतुकाची वाटली. तो पुढे सांगू लागला, "माझा बा मुंबईच्या साहेब लोकांसाठी दर थंडीत ह्याच तल्यात पाखरं उठवाचा. जीपा यायच्या, टोप्या, दुर्बिनी, बंदुका. आता बंदुकीला बंदी आली, म्हनून तुमी बिगर बंदुकीचे आलेत ते मी समजलो. मंग मीच काल सांजच्या भरतीला बाचा जुना जाला काढला. आनि हा," तो तिसऱ्या, लहान डालग्यापाशी वाकला, "हा मास्तरांचा. ह्याला येगला ठेवलाय. ह्याच्या अंगाव मास काय नाय, पन त्यांना आवडतो."

त्याने डालगं उचललं. उचाट्या उभा राहिला. पांढरा, काळे पट्टे, निळसर पाय आणि चोच वर वळलेली.

कोठारे हळूच खाली बसले. अंगणातल्या शेणावर, गुडघे टेकून. त्यांनी चोच पाहिली, पाय पाहिले, पुन्हा चोच पाहिली. मग वर बघून पहिल्यांदाच भालचंद्रांच्या कपाळाऐवजी डोळ्यांत पाहिलं.

"उचाट्या," ते म्हणाले. "चुरीसाहेब, तुमचंच खरं होतं."

भालचंद्रांना आत कुठेतरी दिवा लागल्यासारखं झालं. तो साधारण चार श्वास टिकला.

पाचव्या श्वासाला रॉड्रिग्जांनी खिशातून वही काढली. "हे पक्षी धरणं गुन्हा आहे," ते शांतपणे म्हणाले. "मला असं काही बघायचं नव्हतं, पण बघितलं. कुणी धरले त्याचं नाव आणि सही लागेल."

"आणि मलाही," कोठारे उत्साहाने म्हणाले. ते अजून गुडघ्यांवरच होते. "नोंद पक्की करायची तर पक्षी कुठे, केव्हा, कुणी धरला हे लिहून घ्यावं लागेल. खाली धरणाऱ्याची सही. मग कुणाला शंका घेता येणार नाही. पुढच्याच अंकात छापू."

दोन वह्या एकाच वेळी रामनाथपुढे आल्या.

रामनाथचा चेहरा उजळला. "सही येते मना," तो म्हणाला. "मास्तरांनीच शिकवली. कुठं करू? दोन्ही जागी करतो."

भालचंद्रांनी त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. एका वहीत त्याची सही झाली की त्यांचं नाव मागच्या पानावर येणार होतं. दुसरीत झाली की रामनाथला कोर्टाची पायरी चढावी लागणार होती, उघाडीची राखण सुटणार होती आणि पुढचं कुणी सांगावं. आणि एकीत सही करून दुसरीत न करणं शक्य नव्हतं. तळं तेच, जाळं तेच, माणूस तोच.

"त्याने नाही धरले," भालचंद्र म्हणाले. "मी आणले. काल मुंबईच्या बाजारातून विकत आणले."

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांच्या वाक्यात एकही 'बहुधा' नव्हता. खोटं बोलायला ते इतके अननुभवी होते की त्यांना शंका कुठे घालायची तेच कळलं नाही.

"बाजारातून?" रामनाथ म्हणाला. "मास्तर, छातीभर थंड पान्यात मी दोन तास..."

"रामनाथ, तू गप्प."

"गप कसा? ही पाखरं कोन बाजारात..."

"तुमी जरा पानी आना," बायजा म्हणाली. तिने वरवंटा बाजूला ठेवला होता आणि ती वनखात्याच्या वहीकडे बघत होती.

"पानी भरलाय."

"मंग वतून टाका आनि परत आना."

रामनाथ हंडा घेऊन तोंडातल्या तोंडात बोलत गेला.

"सगळे बाजारातले?" रॉड्रिग्जांनी विचारलं. "उचाट्यासुद्धा?"

"तोसुद्धा."

"विकणाऱ्याचं नाव?"

"विचारलं नाही."

"कशासाठी आणले?"

"सोडण्यासाठी," भालचंद्र म्हणाले. "लोक सोडतात ना, पुण्य म्हणून. तसं."

रॉड्रिग्जांनी झोपडीच्या छपराकडे पाहिलं. तिथे एक जाळं वाळत घातलेलं होतं. त्याच्या टोकातून अजून खाऱ्या पाण्याचा थेंब थेंब पडत होता आणि एका गाठीत बदकाचं पीस अडकलं होतं. त्यांनी बराच वेळ ते पाहिलं. मग वही मिटली.

"सोडायलाच आणलेत, तर सोडा," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. आणि ते जाळं चुलीत जाऊ दे. तेही बाजारातलंच असेल."

कोठाऱ्यांनी छपराकडे पाहिलं नाही. पिसाच्या कडेवरून पक्ष्याचं वय सांगणारा हा माणूस समोरचं जाळं पाहू शकला नाही. ते गुडघ्यांवरून उठले, पँटीचं शेण झटकलं, आणि त्यांची नजर पुन्हा भालचंद्रांच्या कपाळावर गेली.

"बाजारातला पक्षी तळ्यात सोडायचा, आणि आम्हाला बघायला बोलवायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या वयाच्या माणसाकडून मला हे अपेक्षित नव्हतं."

"नाही," भालचंद्र म्हणाले. "मलाही नव्हतं."

सोपटं सोडली. बदकांना पाय मोकळे झाल्याचं लवकर पटेना. ती अंगणभर फेंगडी चालली, एक थेट बायजाच्या पाट्यापाशी जाऊन वाटलेल्या मसाल्यात उभं राहिलं. शेवटी एकदाची सगळी उडाली. उचाट्या मात्र हातातून सुटताच सरळ तळ्याकडे गेला, नेहमीच्या जागी उतरला आणि वाकडी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे विळ्यासारखी फिरवत खाऊ लागला. भालचंद्रांनी आठ दिवस पाहिलं होतं, अगदी तसाच. सहा चकचकीत दुर्बिणी वीस मिनिटं त्याच्यावर खिळून राहिल्या. कुणीतरी 'वा' म्हणालं.

"जागेला लवकर रुळला," रॉड्रिग्ज म्हणाले.

पाहुणे वांग्याची भाजी आणि भात जेवले. मसाला बदकासाठी वाटलेला होता, तोच वांग्यांना लागला. कोठाऱ्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला, पण भालचंद्रांकडे न बघता. टांगे गेल्यावर भालचंद्र बांधावर बसून राहिले. रामनाथ त्यांच्यापासून दोन हात लांब, तोंड दुसरीकडे करून बसला.

"पावने वांगी खाऊन गेले," तो म्हणाला. "माझ्या घरना."

"तुला आत टाकलं असतं, रामनाथ. पाखरं धरायला बंदी आहे."

"मंग आले कशाला होते?"

"बघायला."

"निस्ते बगाला?"

"हो."

"खायाचा नाय, घरी न्यायाचा नाय?"

"नाही."

रामनाथने तळ्याकडे पाहिलं, मग टांगे गेले त्या वाटेकडे पाहिलं. "मुंबईत कामधंदा कमी झालेला दिसतो," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

मार्चअखेर त्रैमासिक आलं. भालचंद्रांनी ते दुपारभर उघडलं नाही. संध्याकाळी मथुराबाई दिवा लावून आल्या आणि त्यांनीच मागचं पान काढलं. बारीक टाइप होता, त्यांनी तो उजेडाशी धरला आणि मोठ्याने वाचला.

"'वसई. उचाट्या. ही नोंद ग्राह्य धरलेली नाही. पक्षी बाजारातून आणून सोडलेला होता. निरीक्षक श्री. भालचंद्र चुरी यांनी ही गोष्ट स्वतः होऊन, कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहे.'"

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग उठून बाहेर गेल्या आणि शेजारच्या द्वारकाबाईंना दाखवून आल्या. द्वारकाबाईंच्या घरून अंक आणखी दोन घरं फिरला. रात्रीच्या जेवणापर्यंत होळीतल्या निम्म्या आळीला ठाऊक झालं की चुरींचं नाव मुंबईच्या मासिकात छापून आलं, तेही चांगल्या कारणासाठी.

भालचंद्रांनी वही पुढे ओढली. कोठाऱ्यांना पोस्टकार्ड लिहावं, खरं काय ते कळवावं, असं त्यांच्या मनात आलं. पण खरं लिहायचं तर रामनाथचं नाव आलं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी कायम म्हणते ना," मथुराबाई भात वाढताना म्हणाल्या, "तुम्हाला खोटं म्हणून बोलताच येत नाही."